आधी पिशवी, मग माणूस

मदिना सिस्टर पहिल्यांदा आमच्या घरी आली तवा मला तिचा असा राग आला, की उंबऱ्यावरूनच माघारी लावावं वाटलं. रामराम न्हाई, कसं हाय काय हाय न्हाई. चपला काढल्या, सरळ बाजेपाशी गेली, खाली वाकली आन् आमच्या मालकांच्या लघवीच्या पिशवीकडं टक लावून बघत बसली. माणूस ऑपरेशन करून आणलेला, गालफडं आत गेलेली, आन् ही बाई पिशवी बघायली. मी म्हणलं, बाई गं, आधी त्यांच्या तोंडाकडं तर बघ. तर मान वर न करता म्हणती कशी, "मावशी, तोंड लबाड बोलतंय. पिशवी न्हाई बोलत."

मग उठली आन् हात धुवायला पाणी मागितलं. त्या दुष्काळाच्या साली कुणी पाणी मागितलं की आधी रांजणात डोकावून बघावं लागायचं. आमची वस्ती धारूरच्या घाटाच्या अंगाला, सगळा खडक. हिरीचा तळ उघडा पडलेला, बोअर नुसतं फुसफुस करायचं, टँकर आला तर आला. आन् ही बाई नळीला हात लावायच्या आधी तांब्याभर पाणी सांडती, लावून झाल्यावर परत तांब्याभर. बोटांच्या बेचक्यातून, नखांच्या खालून, मनगटापर्यंत चोळ चोळ चोळती. मी तोंडावर बोलले. म्हणलं, तुझे हात सोन्याचे हायेत का चांदीचे, एवढे घासायली? माझं असंच हाय, पोटात आलं की ओठात येतंय.

पुढच्या खेपेला ती स्कूटीच्या हुकाला भली मोठी बाटली लटकवून आली. पाणी घरून आणलेलं. झालं, मला दुसराच राग आला. मी म्हणलं, आमच्या घरचं पाणी चालत न्हाई व्हय गं तुला? ती हसली. ओट्यावर बसली, प्यायला पाणी मागितलं, तांब्या वर धरून घटाघटा प्याली आन् म्हणली, "प्यायचं तुमचं, धुवायचं माझं. पण धुवायचं सोडणार न्हाई मावशी. हाताची घाण नळीला लागली की नळीच्या वाटेनं सरळ आत चढती." मी म्हणलं, धुवायचंच हाय तर खिडकीखाली धू, तिथं माझा गवती चहा हाय, तो तरी जगंल.

आता मालकांचं सांगते. नाव मी घेत न्हाई, गाव त्यांना आप्पा म्हणतं, आपण बी आप्पाच म्हणू. गावच्या सहकारी दूध संस्थेत दूध घ्यायला बसायचे. केस काळे व्हते तवापासून पांढरे झाल्यावर बी. संस्थेत यंत्र आलं, काचेची नळी आली, पण आप्पांचा भरवसा आंगठ्याच्या नखावर. दुधाचा थेंब नखावर घ्यायचा, हात जरा तिरपा करायचा. थेंब धरून राह्यला तर दूध. घसरला तर, "पाणी घातलंस बे," म्हणून कॅन माघारी. माझा सख्खा भाऊ अर्जुनराव, त्याचा कॅन सगळ्या गावासमोर माघारी लावला. भाऊबीजेला सुदिक आला न्हाई तो त्या वर्षी, आन् पुढं बी लई वर्षं उंबरा ओलांडला न्हाई. मी रडले, भांडले. तर म्हणले, नातं नात्याच्या जागी, दूध दुधाच्या जागी.

असला माणूस लघवी अडायला लागली तर कुणाला सांगतोय व्हय? लाजेपायी लपवलं. रात्री चार चार बारी उठायचे, मला म्हणायचे कुत्रं भुंकायलंय म्हून बघायला गेलतो. शेवटी एक दिवस लघवी बंदच झाली आन् पोट धरून लोळायला लागले. तवा बीडला मोठ्या दवाखान्यात नेलं, प्रोस्टेटची गाठ काढली. डॉक्टर म्हणले, गाठ निघाली पण पोटातली लघवीची पिशवी थकलीय, तिला विसावा पायजे, थोडे दिवस नळी राहू द्या. घरी जा, तुमच्या आरोग्य केंद्रातली सिस्टर बघंल. केंद्रातल्या डॉक्टरनं बी सांगितलं की नळीचं सगळं काम मदिनाचं, ती म्हणंल तवा मला सांगा.

पोरगा उत्तरेश्वर जनावरं घेऊन चारा छावणीत गेलेला. म्हशी तिथं, तो तिथं. संस्था सकाळी उघडायची आन् चहा गार व्हायच्या आत बंद व्हायची, दूधच न्हाई तर काय मोजतेत? कॅन नुसते उन्हात पालथे. घरात मी आन् मालक, आन् ती नळी.

नळीपायी माणूस कसा जातोय ते मदिनानंच मला सांगितलं, काही आडपडदा न ठेवता. तिचा बाप हबीब, धारूरात सीताफळं विकायचा. खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, नळी लावून घरी आणला. सलाइनची बाटली वर टांगतेत, तवा ही पिशवी बी वरच टांगायची असंल, असं समजून घरच्यांनी ती बाजेवर खुंटीला टांगली. लघवी माघारी पोटात. दोन दिवस थंडी वाजली, तिच्या आईला वाटलं हिवताप हाय. "तवापासून मावशी, मी कुणाच्या बी घरात गेले की आधी पिशवी बघते, मग माणूस," असं म्हणली आन् ह्यांच्या मांडीवरची पट्टी नीट चिकटवली. सांगितलं ते बी असं, जशी दुसऱ्याचीच गोष्ट सांगायली. मला मात्र त्या दिवशी भाकर गोड लागली न्हाई. म्हातारपणी नळीतून जंतू आत गेला की रक्तात जातोय, मग देव बी हात टेकतोय, हे तिचं बोलणं माझ्या डोक्यात बसलं ते बसलंच.

तिचं सांगणं सोपं व्हतं. पिशवी कमरेच्या खाली. तिचं तोंड भुईला टेकू द्यायचं न्हाई. नळीला मुरड पडू द्यायची न्हाई. आन् पाणी भरपूर प्यायचं, लघवी पाण्यावानी पांढरी दिसली पायजे. मी सगळं करायचे. पिशवीपाशी जाताना मी बी हात धुवायला लागले, घासून घासून. ह्यांच्या उशाला तांब्या भरून ठेवायचे, थोड्या वेळानं बघावं तर तांब्या रिकामा. पुन्हा भरायचे. माझं पाणी मी कमी केलं, पण ह्यांचा तांब्या कधी रिकामा ठेवला न्हाई.

तरी पिशवीचा रंग काही उतरंना. पिवळा, मग गडद, मग काळ्या चहावानी. मदिना यायची, वाकायची, आन् तिच्या कपाळाला आठी पडायची. "मावशी, पितेत ना नक्की?" मी म्हणायचे, गळ्याची आण, तांब्यावर तांब्या रिकामा करतेत. ती ह्यांना विचारायची. हे म्हणायचे, "व्हय व्हय, पितोय की." ती ह्यांच्या हाताची कातडी चिमटीत धरून सोडायची, कातडी तशीच उभी राहायची, अंगात पाणी नसल्यावानी. एका खेपेला जाता जाता मला दाराबाहेर बोलावलं. म्हणली, थंडी वाजली, न्हाईतर पिशवी भरायची थांबली, तर कुणाची वाट बघू नका, मला फोन लावा. पिलेलं पाणी कुठं जायलंय ते मला कळंना झालंय.

तिला कळंना म्हणल्यावर माझं काय? माझा जीव टांगणीला लागला. दळण पाखडता पाखडता उठायचे, पिशवी बघून यायचे. भाकर तव्यावर करपायची. हे झोपले की छाती हलती का बघायचे, आन् हलती म्हणल्यावर लगेच पिशवीकडं वाकायचे. माझी बी मदिना झाली व्हती.

आन् ह्यांचं काय? ह्यांना कशाची फिकीर न्हाई. उलट मदिना गेली की पिशवीकडं बोट करून खुशीत मला म्हणायचे, बघ, अजून कस हाय अंगात. मला वाटायचं, तापानं बडबडतेत का काय.

एक दिवस दुपारची मी शेणकूट आणायला मागच्या अंगाला गेलते. बघते तर खिडकीतून एक हात बाहेर आला. हातात तांब्या. तांब्या तिरपा झाला आन् सगळं पाणी गवती चहाच्या मुळात. तवा माझ्या ध्यानात आलं. आख्ख्या शिवारात हिरवं पान न्हाई आन् माझा गवती चहा कमरेएवढा वाढलेला! मला खुळीला वाटायचं, मदिनाच्या हाताच्या पाण्यावर वाढलाय.

मी शेणकूट टाकलं आन् आत गेले. काय काय बोलले ते सांगायला नको. म्हणलं, मी घोट घोट मोजून पितेय, घसा कोरडा ठेवून तुमचा तांब्या भरायली, आन् तुमी झाडाला घालायले? कावून? मरायचं हाय का तुमाला? मला रांडव करायचं हाय का? हे छताकडं बघत म्हणले, "आख्खी जिंदगी पाणी घालणाऱ्याला दारातनं माघारी लावलं. ती पोरगी म्हणती, लघवी पांढरी पायजे, पातळ पायजे. पातळ म्हंजी कस गेला. आता जाता जाता माझ्यातच पाणी घालू व्हय?"

मी कपाळावर हात मारून घेतला. अहो, ते दूध हाय का? पण दूध सोडून ह्या माणसाला दुसरी अक्कलच न्हाई तर कुणाला सांगावं! जबरदस्तीनं अर्धा तांब्या पाजला. बाकीचा गळ्यावरून ओघळला. मदिनाला सांगायचं ठरवलं, पण उद्या ती येणारच हाय म्हून राह्यलं.

दुसऱ्या दिवशी न्याहारीच्या वख्ताला ह्यांचे दात वाजायला लागले. भर उन्हाळा, अंगावर गोधडी, वाकळ, तरी हुडहुडी. मी पिशवीपाशी वाकले. पिशवी रिकामी. सकाळी रिती केली तशीच, एक थेंब न्हाई. पोटाला हात लावला तर बेंबीच्या खाली दगड. हे कधी कण्हत न्हाईत, त्या दिवशी कण्हायले.

आमच्या घरात फोनला रेंज न्हाई, बांधावरच्या बाभळीखाली लागतोय. तशीच अनवाणी पळाले. मदिना लांब दुसऱ्या वस्तीवर लेकरांना डोस द्यायला गेलती. "निघाले," एवढंच म्हणली. मग मी कधी रस्त्यावर, कधी बाजेपाशी. रस्त्यावर आले की वाटायचं, तिकडं ह्यांचं काही झालं तर? आत गेले की वाटायचं, ती वळणावरून दिसली तर? हे माझं नाव घेऊन हाक मारायले, "केसर, केसर." लग्न झाल्यापासून ह्यांनी मला नावानं हाक मारलेली न्हाई. मला लई भ्या वाटलं.

ती आली. स्कूटी आडवी टाकूनच आत. वाकली, पिशवी बघितली, पोट चाचपलं. आन् उठून बाहेर गेली, बाटलीचं झाकण काढलं आन् हात धुवायला लागली. बोटांच्या बेचक्यातून, नखांच्या खालून. माझं टाळकं फिरलं. मी वरडले, "माणूस मरायलाय आन् तू हात धुवायली?" तिनं कोपरापर्यंत धुतले, हातमोजे चढवले, मग आली.

नळीचं तोंड पिशवीपासून सोडवलं, पुसलं, मोठ्या सिरिंजमध्ये सलाइनचं पाणी घेतलं आन् हळूच आत सोडलं. वढून बघितलं. काही न्हाई. पुन्हा सोडलं. तिच्या नाकावरून घामाचा थेंब ओठावर आला, तो बी तिनं पुसला न्हाई. मी तिच्या हाताकडं बघत देवीचं नाव घेत व्हते. तिसऱ्या बारीला काहीतरी सुटलं. घमेल्यात आधी पांढरे पांढरे गठ्ठे पडले, मग गढूळ धार लागली, ती लागलीच. ह्यांच्या पोटातला दगड उतरत गेला.

हे कोपरावर उठले. थंडीनं अंग उडत व्हतं तरी घमेल्यात वाकून बघायले. नाक जवळ नेलं. संस्थेत कॅनचं झाकण काढल्यावर जसं बघायचे, तसंच.

"फाटलंय," हे म्हणले.

मदिनानं माझ्याकडं बघितलं. गवती चहाचं मी तिला भडाभडा सांगितलं. ती ह्यांच्यावर चिडंल असं मला वाटलं, पण चिडली न्हाई. बाजेपाशी खाली बसली.

"आप्पा, कॅन धुतला न्हाई तर दुधाचं काय व्हतंय?"

"फाटतंय."

"मग धुवायला पाणी लागतंय का न्हाई? पिशवीत उतरतंय ते दूध न्हवं आप्पा. ते कॅनचं धुवण हाय. धुवण जितकं पातळ, तितका कॅन साफ."

हे परत घमेल्यात वाकून बघायले. मग म्हणले, "धुवण व्हय. आधीच सांगायचं की पोरी."

पण ताप व्हताच. तिनं डॉक्टरला फोन करून गाडी मागवली आन् आमच्या संगं धारूरला आली. घाटात गाडी अशी हेलकावे खायची, मी ह्यांचं डोकं मांडीवर धरलं व्हतं आन् मदिना खाली गाडीच्या तळाला बसली व्हती, पिशवी कमरेच्या खाली धरून. हात भरून आला तर हात बदलायची, पिशवी वर येऊ द्यायची न्हाई. धारूरला नळी बदलली, सलाइनमधून इंजेक्शनं सुरू झाली. रक्तात गेलंय का न्हाई, कुणी धड सांगंना. मी व्हरांड्यात बसून राह्यले. लिंबागणेशच्या गणपतीला नवस बोलले, ह्यांना उठव, मी चालत येते. ताप उतरायला लई दिवस लागले, आन् ते दिवस मी कसे काढले ते माझं मला ठाऊक.

घरी आलो आन् सगळं उलटंच झालं. आता हेच तांब्या मागायले. सकाळी उठलं की म्हणायचे, धुवण दाव. मी पिशवी उजेडाकडं धरायचे, हे डोळे बारीक करून बघायचे, म्हणायचे अजून एक हात पायजे, आण पाणी. आण म्हणायला काय जातंय? रांजण खडखडीत. टँकरचा पत्ता न्हाई. शेजारच्या साखराबाईकडून हंडा आणला, पण तिनं तरी कुठून द्यावा? मला नवीन घोर लागला.

कुणी सांगितलं, काय सांगितलं, मला ठाऊक न्हाई. एका सकाळी दारात मोटारसायकल थांबली. माझा भाऊ, अर्जुनराव. मागं संस्थेचा कॅन बांधलेला. त्याचा मळा घाटाखाली, तिथल्या बोअरला अजून धार व्हती. कॅन उचलून आत आणला, बाजेपाशी ठेवला, झाकण काढलं. इतक्या वर्षांनी ह्या घरात आला व्हता, तर म्हणला काय?

"बघा दाजी. ह्यात पाणीच हाय."

हे हसले. लई दिवसांनी हसले. म्हणले, "बरं झालं. दूध निघालं असतं तर माघारी लावला असता." मी चुलीपाशी गेले आन् पदर तोंडाला लावून रडले. मग तो रोज सकाळी कॅन आणून ठेवायला लागला.

नळी काढायचा दिवस आला तसा मदिनाचा बी जीव थाऱ्यावर नव्हता, मला दिसत व्हतं. केंद्रात नेलं. तिनं सांगितलं, नळी आता काढते. संध्याकाळच्या आत आपली आपण लघवी झाली पायजे. न्हाई झाली तर नळी परत घालायची, परत मोठा दवाखाना, कदाचित परत ऑपरेशन. दुसऱ्यांदा ह्यांना सोसंल का, हे तिनं सांगितलं न्हाई आन् मी बी विचारलं न्हाई. एका तापानं माणूस अर्धा केला व्हता.

नळी निघाली. हे पाणी पिले. वाट बघितली. संडासात गेले, माघारी आले, मान हलवली. पुन्हा पाणी. पुन्हा गेले. न्हाई. ऊन भिंतीवरून खाली उतरायला लागलं. मदिनानं जेवणाचा डबा उघडला न्हाई. बाकड्यावर बसून कापसाचे बोळे वळत व्हती, वळलेले परत सोडत व्हती. हे म्हणले, पोट तर भरलंय पण सुटंना, परक्या जागेला सवय न्हाई. आवाज बारीक झाला व्हता. मला पुन्हा त्या घमेल्यातले गठ्ठे दिसायला लागले.

मग मदिना उठली. म्हणली, आप्पा, अजून एकदा जा, दार नुसतं लोटून घ्या. हे आत गेले. केंद्राच्या नळाला तर कधीपासून पाणी नव्हतं. तिनं आपली हात धुवायची बाटली घेतली, दाराबाहेर बादली ठेवली आन् बाटली उंच धरून बारीक धार सोडली. बादलीत पाण्याचा आवाज व्हायला लागला. त्या सालात तसा आवाज कानाला पारखा झाला व्हता. मी बघत राह्यले. ती धार तुटू देत नव्हती. निम्मी बाटली झाली.

आन् दारामागून दुसरी धार ऐकू आली. आधी तुटक. मग सलग.

मदिनानं बाटली खाली घेतली, तरी आवाज थांबला न्हाई. मी तिथंच भुईवर बसले.

दार उघडलं. मदिना सवयीनं खाली वाकली, पिशवी असायची तिथं बघितलं. तिथं काहीच न्हाई. मग वर, ह्यांच्या तोंडाकडं बघितलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा तिनं नुसतं तोंड बघितलं. ह्यांनी आंगठा पुढं केला. नख ओलं व्हतं. हात जरा तिरपा केला.

"टिकंना," हे म्हणले. "घसरतोय. निव्वळ पाणी."

असं छाती काढून म्हणले, जसं काही पहिल्या नंबरचं दूध घालून आले.

"लई चांगलं झालं आप्पा," मदिना म्हणली. डोळे तिचे भरले व्हते. "आता आधी हात धुवा."

आन् बाटलीत उरलेलं पाणी तिनं ह्यांच्या हातावर घातलं, सगळं, बोटांच्या बेचक्यातून, नखांच्या खालून, शेवटच्या थेंबापर्यंत. मी पुसायला पदर पुढं केला.